विद्यार्थी आणि कार्यालयीन संगणकाचे पहिले धडे

दहावी-बारावीचे निकाल जाहीर झाले की तालुक्याच्या गावातील सेवा केंद्रांसमोर विद्यार्थ्यांच्या रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहातील प्रवेशासाठी विनंतीपत्र अशी नाना प्रकारची कामे त्या काळात एकाच वेळी उभी राहतात. या रांगेतील अनेकांच्या हातातील फायलीत संगणकाचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्रही व्यवस्थित लावलेले असते. तरीही चार ओळींचे विनंतीपत्र मराठीत टंकलिखित करून घेण्यासाठी हेच विद्यार्थी केंद्रचालकाच्या हाती पैसे ठेवतात. प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष कौशल्य यांत पडलेले हे अंतर कसे भरून काढता येईल, हा शिक्षक, अधिकारी आणि पंचायतीचे सदस्य या सर्वांच्याच दृष्टीने अगत्याचा प्रश्न आहे. आजचा विद्यार्थी उद्या लिपिक, ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक, दुकानदार किंवा सहकारी संस्थेचा सचिव होणार आहे, आणि यांपैकी प्रत्येकाला पत्र लिहावे लागते व हिशेब मांडावा लागतो.

संगणक शिक्षणाच्या बाबतीत महाराष्ट्राने तसा विलंब केलेला नाही. राज्य शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन या संस्थेची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम सुरू झाला. गावोगावच्या केंद्रांतून तो लक्षावधी लोकांपर्यंत पोहोचला. शेतमजुराची मुलगी आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरील कर्मचारी एकाच खोलीत शेजारी-शेजारी बसून माऊस धरावयास शिकत आहेत, हे दृश्य त्या काळात अपूर्वाईचे होते. शासकीय सेवेतील अनेक पदांसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरल्यावर त्याकडील ओघ आणखी वाढला. दुसरीकडे, टंकलेखन यंत्राचा काळ मागे पडल्यानंतर पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने संगणकावरील टंकलेखनाची प्रमाणपत्र परीक्षा सुरू केली. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजीत ४० शब्द ही वेगाची अट परिचितच आहे. अकरावी-बारावीला माहिती तंत्रज्ञान हा विषयही घेता येतो.

सोयी आहेत, उणीव शिकण्याच्या पद्धतीत आहे. बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याला कोणते बटण कोठे आहे, कोणत्या यादीत कोणती आज्ञा सापडते, एवढेच शिकविले जाते आणि परीक्षेतही तेच विचारले जाते. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, बटणांच्या जागा बदलल्या, की असे ज्ञान तेथेच संपते. याउलट पत्र म्हणजे काय, तक्ता कसा विचार करतो आणि मराठी अक्षर यंत्राच्या पोटात कोणत्या रूपाने साठविले जाते, हे ज्याला एकदा उमगले त्याला कोणतेही सॉफ्टवेअर दोन-चार दिवसांत हाताळता येते.

अक्षरापासून आरंभ

मराठी विद्यार्थ्याचा पहिला धडा मराठी टंकलेखनाचा असावा. प्रत्यक्षात तोच सर्वात शेवटी येतो किंवा येतच नाही. याचे कारण मागील काही दशकांच्या इतिहासात आहे. संगणक कार्यालयांत आले तेव्हा मराठीसाठी निरनिराळ्या कंपन्यांनी आपापले फाँट तयार केले. त्यांची युक्ती साधी होती. यंत्र आपल्या स्मृतीत इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवी, आणि पडद्यावर मात्र त्या जागी मराठी अक्षराचा आकार उमटवी. म्हणजे डोळ्यांना 'ग्रामपंचायत' दिसे, परंतु यंत्राच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची एक निरर्थक मालिका असे. ती फाईल दुसऱ्या कार्यालयात पाठविली आणि तेथे तोच फाँट नसला, की पडद्यावर अगम्य चिन्हांचा सडा पडे. जुन्या फायली उघडताना आजही हा अनुभव येतो.

युनिकोडने ही अडचण मुळातून दूर केली. जगातील प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यावयाचा, हे युनिकोडचे सूत्र. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोने ठरविलेली संकेतप्रणालीही त्याच वर्षीची. देवनागरीतील 'क' चा युनिकोड क्रमांक २३२५, तर 'ळ' चा २३५५. फाँट कोणताही असो, हा क्रमांक बदलत नाही. त्यामुळे युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर शोधता येतो, वर्णानुक्रमे लावता येतो, मोबाइलवर वाचता येतो, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला संगणक तो मोठ्याने वाचूनही दाखवू शकतो. राज्य शासनाने कार्यालयीन मराठीसाठी युनिकोडचा वापर विहित केला आहे, तो याच कारणांस्तव.

आता कळफलकाविषयी. इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा प्रमाणित कळफलक १९८६ पासून अस्तित्वात आहे आणि आजच्या बहुतेक संगणकांत तो आधीपासूनच असतो, विकत घ्यावा लागत नाही. त्याची रचना पाहिली तर प्राथमिक शाळेतील बाराखडी आठवते. स्वर आणि स्वरचिन्हे डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला. 'क' आणि 'ख' एकाच कळीवर, 'ग' आणि 'घ' एकाच कळीवर, 'त' आणि 'थ' एकाच कळीवर. शिफ्टची कळ दाबली की अल्पप्राणाचे महाप्राण होते. 'ल' च्या कळीवर शिफ्टसह 'ळ' मिळतो. ज्याला वर्णमालेची वर्गवारी ठाऊक आहे त्याचा निम्मा कळफलक पाठ झालाच. रोज अर्धा तास सराव केला तर महिना-दीड महिन्यात विद्यार्थी कळफलकाकडे न पाहता लिहू लागतो, असे शिकविणारे सांगतात. टंकलेखन संस्थांत शिकलेल्या जुन्या मंडळींचा हात रेमिंग्टन पद्धतीवर बसलेला असतो. त्यांनी ती सोडावी असा आग्रह धरण्याचे कारण नाही, मात्र अक्षरे युनिकोडमध्येच साठविली जात आहेत ना, हे पाहावे. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटविण्याची सोय मोबाइलमुळे घराघरांत पोहोचली आहे. चार ओळींच्या निरोपाला ती पुरेशी आहे, पण दीर्घ लेखनात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तिच्यामुळे हमखास शिरतात. आता बोललेले शब्द लिहून घेणारी यंत्रणाही हाताशी आली आहे. तिने उतरविलेला मजकूर तपासून दुरुस्त करण्यासाठी शेवटी कळफलकाकडेच यावे लागते.

जोडाक्षरांचा नियम एकच आहे: पहिले व्यंजन, मग हलन्त, मग दुसरे व्यंजन. 'क', हलन्त आणि 'ष' मिळून 'क्ष' होतो. विद्यार्थी अडखळतात ते 'ऱ्य' पाशी. इन्स्क्रिप्टमध्ये 'र' च्याच कळीवर शिफ्टसह 'ऱ' मिळतो. त्याला हलन्त जोडून 'य' लिहिला की 'ऱ्य' उमटतो. हा भेद क्षुल्लक समजू नये. 'आचार्यास' म्हणजे गुरूला आणि 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्याला. एखाद्या महाविद्यालयाचे पत्र चुकीच्या अक्षरामुळे एकाऐवजी दुसऱ्यास उद्देशून लिहिले गेले, तर विनोद होईल आणि पाठविणाऱ्याची अब्रूही जाईल.

पत्र

लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वाधिक वापर 'वर्ड' चा होतो. त्याच तोडीचे 'लिबरऑफिस' विनामूल्य मिळते, त्यातील सूचनाही मराठीत पाहता येतात, आणि ज्या शाळेला परवान्याचा खर्च झेपत नाही तिने ते नि:संकोच वापरावे. या लिबरऑफिसचे मूळ एका विद्यार्थ्याकडेच जाते. मार्को बोरिस या जर्मन मुलाने शाळकरी वयातच, १९८५ मध्ये, लूनेबर्ग येथे स्वतःची कंपनी काढून लेखनाचे एक सॉफ्टवेअर तयार केले. त्याचाच विस्तार पुढे स्टारऑफिस, ओपनऑफिस आणि २०१० पासून लिबरऑफिस असा होत गेला.

मराठीच्या पाठ्यक्रमात पत्रलेखन आहेच. अर्ज, विनंतीपत्र, तक्रारपत्र यांचे नमुने विद्यार्थी वहीत लिहितात, गुणही मिळवितात. संगणकाच्या तासाला मात्र त्याच विद्यार्थ्याला इंग्रजीतील एखादा निरर्थक परिच्छेद ठळक, तिरपा आणि रंगीत करावयास सांगितले जाते. या दोन तासांची गाठ घालून देणे मुख्याध्यापकांच्या हातात आहे. मराठीच्या शिक्षकांनी दिलेले पत्र संगणकाच्या खोलीत टंकलिखित झाले, तर एका कामात दोन विषय साधतात.

कार्यालयीन पत्राला ठरीव अंगे असतात: पाठविणाऱ्याचे नाव व पत्ता, दिनांक, 'प्रति', विषय, संदर्भ, मायना, मजकूर, स्वाक्षरी, सहपत्रे. ही अंगे पडद्यावर योग्य ठिकाणी बसविताना विद्यार्थ्याची खरी परीक्षा होते. दिनांक उजवीकडे नेण्यासाठी तो स्पेसची कळ तीस-चाळीस वेळा दाबतो. नवे पान सुरू करण्यासाठी एंटरची कळ दाबीत राहतो. पडद्यावर सर्व ठाकठीक दिसते. पुढे मजकुरात एक ओळ वाढली की दिनांक मध्येच लोंबकळतो आणि स्वाक्षरी एकटीच पुढच्या पानावर जाते. ओळ उजवीकडे लावण्याची, टॅबने अंतर ठेवण्याची, पान तोडण्याची आज्ञा वेगळी असते, एवढे पहिल्याच आठवड्यात समजले पाहिजे. कागदाचा आकार 'ए-४' ठेवला आहे की नाही, हेही आरंभीच पाहावे.

फाईलला नाव देणे ही गोष्ट कोणी शिकवीत नाही. 'अर्ज', 'नवीन अर्ज', 'नवीन अर्ज अंतिम', 'अंतिम खरा' अशा नावांच्या फायलींनी अनेक संगणक भरलेले आढळतात. नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने दिनांक व पुढे विषय लिहिला, तर फायली आपोआप कालक्रमाने लागतात आणि तीन वर्षांनीही सापडतात. आवक-जावक नोंदवही सांभाळलेल्या कोणत्याही लिपिकाला यात नवीन काही वाटणार नाही. ग्रामीण भागात वीज अवचित जाते, त्यामुळे दर दोन-तीन ओळींनंतर कंट्रोल आणि एस या दोन कळा दाबून मजकूर साठविण्याची सवय हाताला लागलीच पाहिजे.

तक्ता: जेथे चूक महागात पडते

कार्यालयीन सॉफ्टवेअरमधील सर्वात सामर्थ्यवान आणि सर्वात कमी समजलेले साधन म्हणजे 'एक्सेल' सारखे तक्त्याचे सॉफ्टवेअर. त्याचाही उगम एका विद्यार्थ्याच्या कंटाळ्यात आहे. १९७८ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत असताना डॅन ब्रिकलिन याने पाहिले की, प्राध्यापक फळ्यावर हिशेबाचा तक्ता मांडतात आणि त्यातील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले अनेक आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात. हे पुसणे-लिहिणे यंत्राने आपणहून केले तर? या विचारातून त्याने बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या साहाय्याने 'व्हिजिकॅल्क' तयार केले आणि ते १९७९ मध्ये बाजारात आले. आजचे सर्व तक्ते त्याच कल्पनेची अपत्ये होत.

ही कल्पना मुलांना समजावून देण्यासाठी शाळेतच उत्तम उदाहरण उपलब्ध आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यास दररोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यास १५० ग्रॅम धान्य असे प्रमाण ठरलेले आहे. समजा, शाळेच्या कोठीत आरंभी २४० किलो तांदूळ आहे. पहिल्या दिवशी प्राथमिक वर्गांत ८७ आणि उच्च प्राथमिक वर्गांत ४६ विद्यार्थी जेवले. खर्च अनुक्रमे ८.७ किलो आणि ६.९ किलो, एकूण १५.६ किलो, शिल्लक २२४.४ किलो. दुसऱ्या दिवशी हीच शिल्लक आरंभीची म्हणून वर येते, आणि महिनाअखेरपर्यंत ही साखळी चालू राहते.

विद्यार्थ्याने एका स्तंभात दिनांक, दुसऱ्यात प्राथमिकची उपस्थिती, तिसऱ्यात उच्च प्राथमिकची उपस्थिती, चौथ्यात खर्च, पाचव्यात आवक आणि सहाव्यात अखेरची शिल्लक असा तक्ता मांडावा. खर्चाच्या रकान्यात त्याने १५.६ हा आकडा लिहू नये. तेथे बरोबरचे चिन्ह देऊन सूत्र लिहावे: या ओळीतील प्राथमिकची उपस्थिती गुणिले त्याचे प्रमाण, अधिक उच्च प्राथमिकची उपस्थिती गुणिले त्याचे प्रमाण. शिल्लकेच्या रकान्यातही सूत्रच: वरच्या ओळीची शिल्लक, अधिक आजची आवक, वजा आजचा खर्च. एका ओळीत हे सूत्र बसले की ते खाली ओढून महिन्याच्या सर्व ओळींत उतरविता येते, आणि प्रत्येक ओळ आपापली उपस्थिती घेऊन हिशेब करते.

नंतर शिक्षकांनी मुद्दाम सांगावे की पहिल्या दिवसाची उपस्थिती चुकली होती. ८७ नव्हे, ७८ मुले जेवली. विद्यार्थी तो एक आकडा दुरुस्त करतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्या दिवसाचा खर्च १४.७ किलो होतो, शिल्लक २२५.३ किलो होते, आणि खालच्या सर्व दिवसांची शिल्लक ०.९ किलोने वाढते. हार्वर्डमधील प्राध्यापकांचा फळा येथे आपोआप पुसला आणि लिहिला गेला. ज्या मुलाने आकडे हाताने लिहिले असतील त्याला महिन्याच्या सर्व ओळी पुन्हा मोजाव्या लागतील. सूत्र म्हणजे काय हे याहून स्पष्टपणे कोणतेही पाठ्यपुस्तक सांगू शकणार नाही. १०० आणि १५० ग्रॅमचे प्रमाण सूत्रात न कोंबता वरच्या बाजूस दोन स्वतंत्र चौकटींत लिहावे आणि सूत्रात त्या चौकटींचा उल्लेख डॉलरच्या चिन्हासह करावा, म्हणजे सूत्र खाली ओढताना तो उल्लेख जागचा हलत नाही. उद्या प्रमाण बदलले तर दोनच ठिकाणी दुरुस्ती पुरते.

हा सराव अर्थातच सरावाच्या तक्त्यावर व्हावा. शाळेच्या मूळ नोंदीत मुलांनी हात घालू नये. आणि महिनाअखेर एकदा कोठीत जाऊन पोती मोजावीत. पडद्यावरील शिल्लक ही नोंदींची शिल्लक असते. तांदूळ खरोखर तेवढा आहे की नाही, हे तराजूच सांगतो.

सामर्थ्याबरोबर धोकेही येतात, आणि ते विद्यार्थ्यांनाच नव्हे, तर याद्या तयार करणाऱ्या शिक्षकांना व कर्मचाऱ्यांनाही ठाऊक असले पाहिजेत. पहिला धोका बँक खात्याच्या क्रमांकांचा. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच अचूक ठेवते. खाते क्रमांक १६ अंकी असेल तर शेवटचा अंक निमूटपणे शून्य होतो, कोणतीही सूचना मिळत नाही. क्रमांकाच्या आरंभी शून्ये असतील तर तीही गळून पडतात, कारण संख्या म्हणून त्यांना अर्थ नसतो. शिष्यवृत्तीच्या यादीत अशी चूक झाली तर विद्यार्थ्याची रक्कम परत जाते, आणि दोष कोणाचा हे शोधण्यात महिने जातात. यावर उपाय सोपा आहे, पण तो क्रमांक लिहिण्यापूर्वीच करावा लागतो: त्या स्तंभाचे स्वरूप 'मजकूर' असे ठरवावे, म्हणजे यंत्र त्यास संख्या समजत नाही. अंक एकदा गळाल्यावर स्वरूप बदलून ते परत येत नाहीत.

दुसरा धोका क्रमवारीचा. विद्यार्थ्यांच्या यादीत केवळ नावांचा स्तंभ निवडून वर्णानुक्रम लावला, तर नावे हलतात आणि गुण जागीच राहतात. यंत्र अशा वेळी शेजारचे स्तंभही सोबत घ्यावयाचे काय असे विचारते. घाईत त्याकडे दुर्लक्ष होते. तक्ता पूर्वीइतकाच सुबक दिसतो, एकूण बेरीजही तीच राहते, परंतु एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर गेलेले असतात. अशी चूक बेरजेवरून सापडत नाही, म्हणून ती अधिक घातक. क्रम लावण्यापूर्वी मूळ फाईलची एक प्रत वेगळी ठेवणे आणि हजेरी क्रमांकाचा स्तंभ कायम ठेवणे, ही पथ्ये पाळलीच पाहिजेत.

तिसरा प्रकार दिनांकांचा. संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची असेल तर ५/८/२०२५ हा ५ ऑगस्ट न राहता ८ मे होतो, आणि १३/८/२०२५ मात्र दिनांक म्हणून ओळखलाच जात नाही. जन्मतारखांच्या यादीत याचे परिणाम काय होतील, हे शिक्षकांना सांगावयास नको. तसेच एकाच चौकटीत '६४ विद्यार्थी' असे लिहिले तर ती संख्या बेरजेत धरली जात नाही. आकडा चौकटीत आणि त्याचे नाव स्तंभाच्या शीर्षकात, हा नियम कायमचा लक्षात ठेवावा.

सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरविषयी फारसे सांगण्याची गरज नाही. विद्यार्थ्यांना ते सर्वात लवकर आवडते आणि त्यांचा सर्वाधिक वेळही तेच खाते. अक्षरे उडत येणे, चित्रे गरगर फिरणे यांतच तास निघून जातो. एका पानावर पाच-सहा ओळींहून अधिक मजकूर नसावा आणि पडद्यावर जे लिहिले आहे तेच वाचून दाखवू नये, एवढे सांगितले तरी पुरे.

साधने अपुरी असताना

ज्या शाळेत चाळीस मुलांमागे तीन-चारच संगणक आहेत, किंवा एकच आहे, तेथे हे सर्व कसे जमावे, अशी शंका शिक्षक उपस्थित करतात आणि ती रास्त आहे. पण यातील बराचसा भाग यंत्राशिवाय होऊ शकतो. पत्राची अंगे वहीत, तक्त्याचे स्तंभ आखीव कागदावर, सूत्र आधी मराठी वाक्यात. कळफलकाचा मोठा नकाशा वर्गाच्या भिंतीवर लावला तर बोटांचा सराव बाकावरही होतो. यंत्रासमोर बसण्याची पाळी येईल तेव्हा विद्यार्थ्याला काय करावयाचे ते ठाऊक असावे. दोघांच्या जोडीत एकाने वाचून दाखवावे, दुसऱ्याने टंकन करावे, आणि पंधरा मिनिटांनी जागा बदलाव्यात; मुली मागे आणि मुले यंत्रापुढे असे चित्र मात्र होऊ देऊ नये. घरी संगणक नसला तरी मोबाइल बहुधा असतो. त्यावर लेखनाची व तक्त्याची विनामूल्य सॉफ्टवेअर चालतात. लहान पडद्यावर मोठा तक्ता हाताळणे त्रासाचे असले, तरी सूत्र समजून घेण्यास तो पुरतो.

ग्रामपंचायतींनाही येथे वाटा उचलता येईल. पंचायतीच्या कार्यालयात संगणक असतो. कर आकारणीचा नमुना ८ आणि कर मागणीचा नमुना ९ या नोंदवह्या म्हणजे उत्तम मांडलेले तक्तेच आहेत. त्यांच्या कोऱ्या नमुन्यावर, काल्पनिक नावे व रकमा घालून, सुट्टीत चार मुलांनी घरपट्टीची मागणी, वसुली आणि थकबाकी यांचा तक्ता तयार केला, तर मुलांना हिशेब कळेल आणि कर म्हणजे काय हेही समजेल. ग्रामसभेची सूचना, पाणीपुरवठ्याच्या वेळा, लसीकरणाचा दिवस असे फलकावर लावावयाचे कागद मुलांकडून युनिकोडमध्ये टंकलिखित करून घेण्यास कोणतीच अडचण नाही; त्यावर सरपंचाची किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याची स्वाक्षरी होण्यापूर्वी ते वाचून पाहिले जातातच.

सार्वजनिक संगणकावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने आणखी एक खबरदारी घ्यावयाची असते. सेवा केंद्रात किंवा नातेवाइकाच्या दुकानात अर्ज भरताना आधार कार्ड, गुणपत्रिका, बँकेचे पासबुक यांच्या प्रती त्या यंत्रावर उतरविल्या जातात आणि काम संपल्यावर तेथेच राहतात. उठण्यापूर्वी त्या पुसून टाकाव्यात, कचरापेटीही रिकामी करावी, आपल्या खात्यातून बाहेर पडावे, आणि न्याहाळकाने संकेतशब्द लक्षात ठेवू का असे विचारल्यास नकार द्यावा. अर्जाची अंतिम प्रत 'पीडीएफ' स्वरूपात स्वतःच्या ई-मेलवर पाठवून ठेवली आणि पोचक्रमांक वहीत लिहून घेतला, म्हणजे पुढच्या खेपेस त्याच रांगेत पुन्हा उभे राहण्याची वेळ सहसा येत नाही.